दहा वाजून दोन मिनिटे

बटाव्हिया म्हणजे आजचे जाकार्ता. १८८३ मध्ये हे डच वसाहतीचे मुख्य शहर होते आणि तिथे कोळशापासून वायू तयार करणारा एक कारखाना होता. वायूच्या टाकीतला दाब कमी-जास्त झाला की त्याची रेघ आपोआप कागदावर उमटावी, अशी यंत्रयोजना तिथे होती. हे यंत्र गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी बसवलेले होते, भूगर्भशास्त्रासाठी नव्हे. तरीही क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकाचा सगळ्यांत काटेकोर जबाब याच यंत्राने दिला. सोमवार, २७ ऑगस्ट १८८३ च्या सकाळी त्या रेघेला एकामागून एक उंचवटे आले. त्यांतला एक इतका मोठा होता, की रेघ मोजपट्टीच्या बाहेर गेली. दाबातली ती वाढ निदान अडीच इंच पाऱ्याइतकी होती. खरा आकडा किती हे त्या कागदावरून कधीच कळणार नाही.

बटाव्हियाची घड्याळे स्थानिक वेळ दाखवत. क्राकाटोआ बेट तिथून पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, सुंदा सामुद्रधुनीत. त्यामुळे कागदावरची वेळ बेटावरच्या वेळेत बदलताना दोन वजाबाक्या कराव्या लागतात. हवेतल्या धक्क्याला शहरापर्यंत यायला सात-आठ मिनिटे लागली, ती एक. रेखांशातल्या फरकाची साडेपाच मिनिटे, ती दुसरी. अशी तेराएक मिनिटे वजा करून डच खाण-अभियंता आर. डी. एम. फेरबेक याने चार मोठ्या स्फोटांच्या वेळा ठरवल्या: पहाटेचे ५.३०, सकाळचे ६.४४, मग १०.०२ आणि शेवटी १०.५२. मोजपट्टीबाहेर गेलेला स्फोट दहा वाजून दोन मिनिटांचा.

याच घटनेची दुसरी वेळही उपलब्ध आहे आणि ती पूर्णपणे वेगळ्या वाटेने आलेली आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीने जानेवारी १८८४ मध्ये एक समिती नेमली आणि १८८८ मध्ये जी. जे. सायमन्स यांच्या संपादनाखाली तिचा जाडजूड अहवाल निघाला. हवेतल्या लाटेचे प्रकरण जनरल रिचर्ड स्ट्रेची यांनी लिहिले. हे तेच स्ट्रेची, जे १८७८ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष होते. आयुष्याचा मोठा भाग हिंदुस्थानात घालवल्यामुळे इथल्या वेधशाळांचे कागद कसे वाचावेत, हे त्यांना चांगले ठाऊक होते. जगभरच्या सुमारे पन्नास ठिकाणांच्या वायुभाराच्या नोंदी त्यांनी शेजारी-शेजारी मांडल्या. त्यांत कलकत्ता होते, मॉरिशस होते आणि मुंबईही होती. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या रेघेत २७ ऑगस्टला जो हिसका दिसतो, तो क्राकाटोआचा आहे. बेटापासून कुलाबा सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर आहे. लाट ताशी अकराशे किलोमीटरच्या आसपास धावत होती. माझ्या हिशेबाने तिला चार तास लागले असावेत आणि मुंबईच्या त्या वेळच्या स्थानिक घड्याळांत दुपारचे बारा वाजत आले असावेत. पृथ्वीला फेऱ्या घालत ही लाट काही ठिकाणी सात वेळा नोंदली गेली: चारदा जाताना, तीनदा परतताना.

या सगळ्या नोंदींवरून मागे मोजत जाऊन स्ट्रेची यांनी मोठ्या स्फोटाची वेळ काढली, ती ग्रिनिचच्या घड्याळाने २ वाजून ५६ मिनिटे. बेटाच्या स्थानिक वेळेत ती होते ९.५८. फेरबेक १०.०२ म्हणतो, स्ट्रेची ९.५८. हजारो किलोमीटर दूरच्या रेघांवरून काढलेली वेळ आणि दीडशे किलोमीटरवरच्या एका वायूच्या टाकीवरून काढलेली वेळ, यांत फरक केवळ चार मिनिटांचा. मला स्वतःला फेरबेकचा आकडा जवळचा वाटतो, कारण त्याचे यंत्र जवळ होते आणि वाटेतले वारे व तापमान यांमुळे येणारी चूक तिथे कमी होती. पण जे निश्चित झाले ते इतकेच: त्या सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला पाच मिनिटे इकडे-तिकडे काहीतरी प्रचंड घडले.

काय घडले, हे मात्र यातले एकही यंत्र सांगत नाही. त्यासाठी बेटाजवळ जायला हवे आणि जमल्यास बेटाच्या आतही.

बेटाचा जुना इतिहास पुसट आहे. सुमात्रातल्या खाणीवर नेमलेला योहान व्हिल्हेल्म फोगेल हा जर्मन १६८१ च्या सुरुवातीस तिथून जहाजाने गेला. पूर्वी हिरवेगार पाहिलेले बेट त्याला जळके, उजाड दिसले. विचारल्यावर, मे १६८० मध्ये ते फुटले होते असे त्याला सांगण्यात आले. ही माहिती ऐकीव आहे. फोगेलने स्वतः पाहिले ते उद्रेकानंतरचे रूप. पुढच्या दोनशे वर्षांत बेटावर पुन्हा रान माजले. जुलै १८८० मध्ये फेरबेक तिथे थोडा वेळ उतरला आणि खडकाचे काही तुकडे घेऊन परतला. पुढे या तुकड्यांचे मोल किती वाढणार आहे, याची तेव्हा त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. उद्रेकापूर्वीच्या बेटाचे, त्यावर काम करणार असलेल्या माणसाने स्वतः गोळा केलेले, ते नमुने होते. त्याच वर्षी १ सप्टेंबरला त्या भागात मोठा भूकंप झाला आणि जावाच्या टोकावरच्या दीपगृहाला इजा झाली. तो भूकंप आणि तीन वर्षांनंतरचा उद्रेक यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण कागदात त्याला आधार नाही.

२० मे १८८३ ला मात्र शंकेला जागा उरत नाही. ‘एलिझाबेथ’ या जर्मन युद्धनौकेवरून कॅप्टन होलमान यांनी बेटावरून उठलेला पांढरा स्तंभ पाहिला आणि त्याची उंची अकरा किलोमीटर असल्याचा अंदाज केला. बेटावर तीन शिखरे होती. दक्षिणेला राकाटा, सुमारे आठशे मीटर उंच, मधे दानान, उत्तरेला सगळ्यांत बुटके पर्बुवातान. हा उद्रेक पर्बुवातानमधून झाला. आठवड्याभराने बटाव्हियाहून ‘लौडन’ नावाच्या बोटीने हौशी मंडळी चक्क सहलीला गेली. बरोबर शुर्मान हा खाण-अभियंता होता. त्याने अहवाल लिहिला आणि त्या वेळी टिपलेले छायाचित्रही उरले आहे. लोक विवराच्या काठापर्यंत चढून गेले होते. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यांच्या दृष्टीने तो उद्रेक ओसरत चालला होता आणि त्या दिवशीचा पुरावाही तसाच होता.

बेटावर उतरून वर्णन लिहिणारा शेवटचा माणूस कॅप्टन फेरझेनार. तारीख ११ ऑगस्ट. मोजणी खात्याच्या या अधिकाऱ्याने बेटाचा नकाशा काढला. त्यात तीन मोठ्या तोंडांतून आणि आणखी अकरा लहान ठिकाणांहून धूर निघत असल्याची नोंद आहे. रान मरून गेले होते, नुसते बुंधे उभे होते. वाऱ्याच्या बाजूला त्याला जाता आले नाही आणि पुढची मोजणी सध्या करू नये, असे त्याने कळवले. या नकाशाचे दुहेरी महत्त्व आहे. तीन महिन्यांत एका तोंडाची चौदा तोंडे झाली होती, म्हणजे खालचा दाब वाट शोधत पसरत होता, हे एक. दुसरे असे, की त्यात दाखवलेल्या जमिनीचा दोन तृतीयांश भाग सोळा दिवसांनी अस्तित्वात नव्हता.

रविवार, २६ ऑगस्टच्या दुपारी एकच्या सुमारास मोठ्या स्फोटांना आरंभ झाला. दोन वाजता ‘मेडिया’ जहाजाचे कॅप्टन थॉमसन सव्वाशेएक किलोमीटरवर होते. त्यांनी कोन मोजून स्तंभाची उंची सतरा मैल, म्हणजे सत्तावीस किलोमीटर काढली. रात्रभर बेटाच्या सगळ्यांत जवळ राहिले ते ‘चार्ल्स बाल’ हे ब्रिटिश जहाज. त्याचे कॅप्टन डब्ल्यू. जे. वॉटसन यांचे टिपण हा आपल्या प्रकरणातला सर्वांत थरारक कागद. संध्याकाळी पाचनंतर जहाजावर पमिसचा मारा सुरू झाला. पमिस म्हणजे सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा दगड. कित्येक तुकडे मोठे होते आणि हाताला गरम लागत होते. पुढे दगड लहान होत गेले आणि राख सुरू झाली. हवा कोंदट, गंधकाच्या वासाची. बेट आणि आकाश यांच्यामध्ये आगीच्या साखळ्या वर-खाली होताना दिसत होत्या. आणि एक बारीकशी नोंद, जिच्यावरून माझी नजर लवकर हटत नाही: तळ मोजण्यासाठी तीस फॅदम, म्हणजे सुमारे पंचावन्न मीटर खोल सोडलेले शिसे वर ओढले, तेव्हा ते चांगलेच कोमट होते. समुद्राच्या तळाशी काहीतरी गरम जाऊन बसत होते.

पण याच टिपणात एक अडचण आहे. वॉटसन सर्वांत भयंकर स्फोटाची वेळ ११.१५ देतात, त्या वेळी जहाज बेटापासून तीस मैलांवर होते असे म्हणतात आणि त्यानंतर सामुद्रधुनीतल्या बटन बेटावर लाट चढताना पाहिल्याचे लिहितात. वायूच्या यंत्राशी हे जुळत नाही. जहाजावरचे घड्याळ निराळे होते, हे एक उत्तर. टिपण नंतर, हात मोकळे झाल्यावर लिहिले गेले, हे दुसरे. वॉटसन यांना १०.५२ चा स्फोट अभिप्रेत होता, हे तिसरे. तिन्ही अनुमानेच आहेत. रात्रभर गरम दगडांखाली जहाज हाकणाऱ्या माणसाकडून मिनिटांची अपेक्षा धरू नये. त्याने काय पाहिले यावर विश्वास ठेवावा आणि केव्हा हे वायूच्या टाकीला विचारावे. पुढच्या बऱ्याच वर्णनांत वॉटसन यांची वेळ आणि फेरबेकची वेळ यांची सरमिसळ झाली आहे, म्हणून हा मुद्दा लांबवला.

दहाच्या सुमारास बाकीचे साक्षीदार कुठे होते? जावाच्या किनाऱ्यावरचे अन्येर सकाळच्याच लाटांत उद्ध्वस्त झाले होते. ‘लौडन’ बोट, तीच मेमधली सहलीची, सुमात्राच्या लांपुंग उपसागरात होती. तिचे कॅप्टन लिंडेमान साडेदहाच्या सुमारास पडलेल्या मिट्ट काळोखाबद्दल आणि चिखलाच्या पावसाबद्दल लिहितात. म्हणजे जे जवळ होते त्यांना दिसत नव्हते आणि ज्यांना दिसत होते ते दूर होते.

या काळोखातला एक जबाब मात्र वेगळा आहे. सुमात्राच्या किनाऱ्यावर, बेटाच्या उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवर केटिंबांग हे गाव. तिथले डच अधिकारी बेयरिंक आपल्या कुटुंबासह राजाबासा डोंगराच्या उतारावरच्या झोपडीत आसऱ्याला गेले होते. श्रीमती बेयरिंक यांनी लिहिलेली हकिकत उरली आहे. त्या सांगतात, की गरम राख झोपडीच्या जमिनीच्या फटींतून, खालून वर उसळली. अंगाची कातडी भाजली. त्यांचे तान्हे मूल गेले. त्या परिसरात आसऱ्याला आलेल्यांपैकी सुमारे हजार माणसे भाजून मेली. बऱ्याच काळपर्यंत या जबाबाचे काय करावे, हे कोणाला उमगत नव्हते. राख आकाशातून पडते, मग ती जमिनीखालून कशी येईल? आणि चाळीस किलोमीटर समुद्र ओलांडून ती भाजण्याइतकी गरम कशी राहील? काहींनी तो भेदरलेल्या बाईचा भ्रम मानला असता तरी नवल नव्हते. विसाव्या शतकात उष्ण राख-वायूच्या लोटांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या हकिकतीचा शब्द न् शब्द पटला. जमिनीलगत धावणारा तप्त लोट जड भाग समुद्रात टाकत, हलका भाग घेऊन पाण्यावरून सरकत आला आणि खांबांवर उभ्या झोपडीच्या खालून आत शिरला.

आता फेरबेककडे परतू. सरकारने ४ ऑक्टोबर १८८३ ला त्याला चौकशीचे काम सोपवले आणि आठवड्याभरात तो निघालासुद्धा. त्याचा पाचशेहून अधिक पानांचा अहवाल १८८४-८५ मध्ये छापून झाला. मृतांचा ३६,४१७ हा आकडा त्याचाच. १६५ गावे पूर्णपणे नष्ट झाल्याचेही त्यानेच नोंदवले. पण मला त्याच्या अहवालातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती दगडांचे प्रमाण. राकाटा शिखर सुरीने कापल्यासारखे उभे अर्धे झाले होते. दानान आणि पर्बुवातान नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी दोनशे मीटरहून अधिक खोल पाणी होते. सर्वांचा समज असा, की डोंगर उडून गेला. फेरबेकने बाहेर पडलेल्या मालाची मोजदाद केली. एकूण अठरा घन किलोमीटर. त्यात बहुतेक सगळी ताजी पमिस आणि राख, जुन्या डोंगराचा खडक अगदी थोडा. डोंगर उडाला असता, तर त्याचे तुकडे कुठेतरी सापडायला हवे होते. ते नाहीत, म्हणजे डोंगर वर गेला नाही, खाली बसला. खालची पोकळी रिकामी झाली आणि छत कोसळले. अशा खड्ड्याला आज कॅल्डेरा म्हणतात आणि त्यामागच्या विचाराचा एक पाया या मोजदादीत आहे.

पोकळी रिकामी झाली, म्हणजे तिच्यात आधी काहीतरी होते. त्या ‘काहीतरी’चा एकमेव कागद म्हणजे पमिस. तोच एक साक्षीदार उद्रेकाच्या वेळी आत होता.

रॉयल सोसायटीच्या अहवालात भूगर्भाचे प्रकरण जॉन जड यांनी लिहिले. त्यांनी क्राकाटोआची काच, म्हणजे झटकन थिजल्यामुळे स्फटिक न बनलेला शिलारस, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मग ती तापवली. काच फुलली, मूळच्या कित्येक पट आकाराची होऊन तिची पमिस झाली. ज्वारीचा दाणा तव्यावर पडला की त्याच्या पोटातल्या ओलाव्याची वाफ होऊन लाही फुटते, तसेच हे. या साध्या प्रयोगातून एक मोठी गोष्ट सिद्ध होते. वायू बाहेरून आलेला नव्हता, तो शिलारसातच विरघळलेला होता.

इथे थोडे थांबून शिलारसाचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे वाद त्याच्याभोवती आहेत. वितळलेल्या खडकात पाणी विरघळते, पण दाबाखालीच. काही किलोमीटर खोलीवर वजनाच्या चार-पाच टक्के पाणी सहज मुरलेले असते. दाब उतरला की ते वाफ होऊन बुडबुड्यांच्या रूपात सुटते. पुढे काय होणार, हे रस किती दाट आहे यावर ठरते. सिलिकाचे प्रमाण कमी, पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल, तर रस पातळ असतो. बुडबुडे वर येऊन निसटतात आणि रस वाहत जातो. सह्याद्रीचे काळे थर अशाच पातळ रसाचे आहेत, म्हणून ते मैलोगणती आडवे पसरले. सिलिका सत्तर टक्क्यांकडे गेली, की रस इतका चिकट होतो की बुडबुड्याला हलता येत नाही. तो जागच्या जागी फुगतो, शेजारचाही फुगतो. रसाच्या आकारमानाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग बुडबुड्यांनी व्यापला, की त्यांच्यामधल्या भिंती फुटतात आणि रसाचे रूपांतर एका क्षणात तप्त भुकटीत होते. पमिसचा तुकडा म्हणजे या क्षणाच्या अगदी काठावर थिजलेला रस.

क्राकाटोआची पांढरट पमिस सिलिकाने समृद्ध आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मँडेव्हिल, केरी आणि सिगुर्डसन यांच्या अभ्यासात तिच्यातल्या स्फटिकांच्या पोटी अडकलेले काचेचे सूक्ष्म थेंब तपासले गेले. स्फटिक वाढताना त्याने भोवतालचा रस जसाच्या तसा कोंडून ठेवलेला असतो, म्हणून हे थेंब उद्रेकापूर्वीच्या स्थितीचा अस्सल दस्तऐवज ठरतात. त्यांवरून निघालेले आकडे असे: तापमान ८८० ते ८९० अंश सेल्सिअस, दाब शंभर ते दोनशे मेगापास्कल, म्हणजे साधारण चार ते आठ किलोमीटर खोली, पाणी वजनाच्या सुमारे चार टक्के. दारूगोळा किती होता आणि कुठे होता, हे यावरून कळले. ठिणगी कोणती, हा प्रश्न उरला.

जड यांचा संशय समुद्रावर होता. विवरात शिरलेल्या पाण्याने रसाचा वरचा थर थिजला, त्याचे झाकण बनले, आत वायू कोंडला आणि मग झाकणासकट सगळे उडाले, असा त्यांचा तर्क. बेट समुद्रात, तीन महिने पोखरलेले. तर्क सहज पटण्यासारखा आहे. पण तो खरा असेल तर राखेवर त्याची खूण हवी. पाण्यात अचानक थिजलेल्या रसाचे कण ठोकळ्यासारखे, कमी छिद्रांचे असतात. क्राकाटोआचा मुख्य माल मात्र भरपूर छिद्रांचा, आतल्याच वायूने फुगून फुटलेला आहे. १९८१ मध्ये ‘नेचर’मध्ये स्टीफन सेल्फ आणि मायकेल रॅम्पिनो यांनी हा मुद्दा मांडला आणि दुसरा आरोपी पुढे आणला. पांढऱ्या पमिसमध्ये क्वचित करड्या-काळसर रेघा सापडतात. त्या कमी सिलिकेच्या, अधिक गरम रसाच्या आहेत. दोन रस पूर्ण एकजीव होण्याआधीच थिजले, म्हणून रेघा उरल्या. खालून गरम रस येऊन वरच्या थंड, चिकट साठ्यात शिरला, साठा तापला, त्यातले बुडबुडे सुटू लागले आणि दाब छताला पेलवेना, असा त्यांचा निष्कर्ष.

माझे मत असे, की हा पुरावा १८८३ हे वर्ष का, याचे उत्तर देतो. सकाळचे दहा का, याचे नाही. रेघा असलेली पमिस एकूण मालात थोडी आहे आणि रसांची भेट उद्रेकाच्या आदल्या दिवशी झाली की काही महिने आधी, हे केवळ रेघांवरून ठरत नाही. मे महिन्यात पर्बुवातान जागा झाला, तोच या भेटीचा परिणाम असू शकेल. दहाच्या ठोक्याचे उत्तर फेरबेकच्या मोजदादीत शोधावे लागते. रविवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत, म्हणजे वीसएक तास, साठा वेगाने उपसला जात होता. थॉमसन यांचा सत्तावीस किलोमीटरचा स्तंभ आणि वॉटसन यांच्या डेकवरचे गरम दगड याला साक्ष आहेत. आतला आधार गेला, छताला तडे गेले. छत खचू लागताच उरलेल्या रसावरचा दाब एकदम उतरला आणि वाफ एकाच वेळी सर्वत्र सुटली. नवी तोंडे उघडली, लोट समुद्रावर पसरले. इथवर प्रत्येक पायरीला कागदाचा किंवा दगडाचा आधार आहे. आधी छत खचले की आधी स्फोट झाला, हा क्रम मात्र अनुमानाचा आहे; वायूच्या यंत्राची रेघ नेमकी तिथेच मोजपट्टीबाहेर आहे.

हाच क्रम लाटांच्या प्रश्नातही आडवा येतो. छत्तीस हजारांतले बहुसंख्य लोक लाटांनी मेले. काही ठिकाणी पाणी तीस मीटरहून उंच चढले. ‘बेरौव’ नावाची युद्धनौका लाटेने उचलून काही किलोमीटर आत जंगलात नेऊन टाकली. समुद्र कशाने ढकलला गेला: कोसळत्या छताने, पाण्याखालच्या स्फोटाने की पाण्यात घुसलेल्या राखेच्या लोटांनी? बेटाच्या उत्तरेला उद्रेकानंतर स्टीअर्स आणि काल्मेयर अशी दोन नवी बेटे उगवली आणि काही महिन्यांत लाटांनी धुऊन नेली. ती या लोटांनी टाकलेल्या मालाची होती. त्यामुळे लोटांच्या बाजूला वजन जास्त पडते. पण बुडालेल्या शिखरांच्या जागी १९२७ नंतर वर आलेल्या अनाक क्राकाटोआ या नव्या शिखराने २२ डिसेंबर २०१८ ला वेगळाच दाखला दिला. तिथला रस कमी सिलिकेचा, उद्रेकही तुलनेने लहान. तरी डोंगराची एक कड समुद्रात घसरली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. म्हणजे मोठी लाट उठायला १८८३ सारखा स्फोट लागतोच असे नाही.

लाटांच्या दूरच्या नोंदी म्हणूनच मोलाच्या ठरतात. हिंदुस्थानच्या बंदरांतल्या भरतीमापक यंत्रांवर २७ आणि २८ ऑगस्टला उमटलेल्या हालचालींचा अहवाल मेजर ए. डब्ल्यू. बेर्ड यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केला. आणि मुंबईच्या तत्कालीन वृत्तपत्रात वांद्र्याहून आलेली एक बातमी आहे. नेहमीप्रमाणे भरती आली, मग पाणी अचानक वेगाने मागे हटले, मासे किनाऱ्यावर उघडे पडले आणि लहान-थोर मच्छीमारांनी ते सहज वेचले. म्हाताऱ्यांनीही असे कधी पाहिले नव्हते. मग पाणी घोड्याच्या दौडीने परत आले आणि हे दोन-तीनदा घडले. बातमीचा बाज अस्सल आहे. पण ती एकाच साक्षीदाराची आहे आणि तीत नेमका तास नाही. तास मिळाला, तर बेर्ड यांच्या यंत्रांच्या रेघेशी ती ताडून पाहता येईल.

वांद्रे, माहीम, वरळी, वसई या पट्ट्यातल्या जुन्या घरांत, चर्चच्या दफ्तरांत किंवा मासळीच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत १८८३ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीचा एखादा कागद अजून असू शकतो. कोणाच्या पाहण्यात असा कागद आला, तर त्यावरची तारीख आणि वेळ आधी उतरवून घ्यावी, कागदाचे छायाचित्र काढावे आणि तो रद्दीत जाऊ देऊ नये.